सप्तरंगीची मुळी विकताना

मधुमेहावर उपाय म्हणून अत्तारांच्या दुकानांत सप्तरंगीची मुळी मागितली जाते. "याने साखर जाते का?" असे गिऱ्हाईक विचारते. अत्तार बांधवांना याचे नेमके उत्तर ठाऊक असावे.

भाकरी, भात, पाव यांतील पिठूळ पदार्थाची साखर होऊनच ती रक्तात उतरते. हे काम पाचक विकरे करतात. शेवटची तोडणी लहान आतड्याच्या भिंतीवरील ग्लुकोसिडेज नावाचे विकर करते. ते अडवले तर साखर रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरते. अकार्बोज व व्होग्लिबोज या गोळ्यांचे काम हेच.

वनस्पतींतही असे अडसर आहेत. श्रीलंकेत कोतला हिंबुटु या वेलीच्या लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवून मधुमेही पितात. 1997 साली क्योटो येथील मासायुकी योशिकावा व सहकाऱ्यांनी या वेलीतून सॅलासिनॉल हे द्रव्य वेगळे केले. आपली सप्तरंगी याच कुळातील असून तिच्यातही हे द्रव्य सापडले आहे. तुतीच्या पानांत व मुळांच्या सालीत असेच दुसरे द्रव्य असते. त्याच्या रचनेवरून मिग्लिटॉल हे औषध तयार झाले.

मात्र या द्रव्यांची मर्यादा ओळखावी. ती जेवणानंतर चढणारी साखर रोखतात. रोग मुळापासून काढत नाहीत. इन्सुलिनची जागा तर मुळीच घेत नाहीत. गोळीतील मात्रा मोजलेली असते. मुळीत ती प्रत्येक मालागणिक बदलते. पोट फुगणे, जुलाब होणे हे त्रासही संभवतात.

एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या इतर गोळ्यांसोबत असे औषध घेणाऱ्याची साखर फार उतरली, तर घरातील साखर लवकर लागू पडत नाही, कारण तिची तोडणीच अडलेली असते. अशा वेळी ग्लुकोजची पूड द्यावी.

कायद्याचेही भान हवे. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यान्वये मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. मुळीची पूड करून औषध म्हणून बाजारात आणायची तर उत्पादनाचा परवाना लागतो.

म्हणून गिऱ्हाइकाला इतकेच सांगावे: चालू औषध बंद करू नका, डॉक्टर अथवा हकीमसाहेबांना विचारूनच घ्या. एखादी पुडी कमी खपेल, पण दुकानावरचा विश्वास टिकेल. धंद्याचे खरे भांडवल तेच आहे.