‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’ : हवाईच्या सार्वभौमत्वाचा वाद

प्रशांत महासागरातील हवाई बेटे हे आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पन्नासावे घटक राज्य होय. या राज्याने हवाईयन भाषेतील एक वाक्य ब्रीद म्हणून स्वीकारलेले आहे : ‘उआ माउ के एआ ओ का आइना इ का पोनो’. त्याचा प्रचलित इंग्रजी अर्थ ‘भूमीचे जीवन धर्माचरणाने अखंड राहते’ असा दिला जातो. सुभाषित म्हणून हा अर्थ निर्दोष आहे. परंतु हे वाक्य ज्या प्रसंगाशी निगडित आहे तो लक्षात घेता तो अपुरा ठरतो. फेब्रुवारी १८४३ मध्ये लॉर्ड जॉर्ज पॉलेट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने राजा तिसरा कामेहामेहा याच्यावर दडपण आणून बेटांचा ताबा घेतला. राजाने निषेध नोंदवून व अंतिम निर्णय लंडनवर सोपवून तात्पुरती शरणागती दिली. पाच महिन्यांनी, ३१ जुलै रोजी, ॲडमिरल रिचर्ड टॉमस याने हवाईचे निशाण पुन्हा उभारले. त्याच दिवशी राजाने हे उद्गार काढले, अशी परंपरा आहे. ‘एआ’ या शब्दाचे अर्थ श्वास, प्राण व जीवन असे आहेत; तसेच सत्ता, स्वातंत्र्य व सार्वभौमत्व असेही आहेत. त्या दिवसाचा उत्सव ‘ला होइहोइ एआ’, म्हणजे ‘एआ परत मिळाल्याचा दिवस’, या नावाने साजरा होतो. पाच महिन्यांत गेलेली आणि परत आलेली वस्तू जीवन नव्हती, हे उघड आहे. राज्याने स्वीकारलेल्या ब्रीदाचा मूळ संदर्भानुसार अर्थ लावला, तर हवाईचे सार्वभौमत्व कायम आहे असाच तो निघतो.

हवाईच्या सार्वभौमत्वाविषयीचा वाद अशा मोजक्याच दस्तऐवजांतील मोजक्या शब्दांभोवती फिरत असतो. घडलेल्या घटनांविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो त्या घटना नोंदवणाऱ्या वाक्यांच्या परिणामाविषयी. म्हणूनच तो जितका कायदेपंडितांचा तितकाच भाषाभ्यासकांचाही विषय होतो.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. पहिल्या कामेहामेहाने १८१० पर्यंत सर्व बेटे एका राज्याखाली आणली. १८४० मध्ये राज्याला लेखी घटना मिळाली आणि २८ नोव्हेंबर १८४३ रोजी ब्रिटन व फ्रान्स यांनी संयुक्त घोषणेने त्याचे स्वातंत्र्य मान्य केले. १८४९ मध्ये अमेरिकेशी मैत्रीचा व व्यापाराचा तह झाला. पुढे साखरेच्या मळ्यांबरोबर अमेरिकी भांडवल वाढले. १८८७ मध्ये राजा कालाकाउआ याच्यावर सशस्त्र दडपणाखाली एक घटना लादण्यात आली. ‘संगिनीची घटना’ हे तिला लोकांनी दिलेले नाव इतके अन्वर्थक आहे की, त्यावर अधिक भाष्य नको. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी हिने नवी घटना देण्याचा प्रयत्न करताच मळेवाले व व्यापारी यांच्या एका समितीने तिला पदच्युत केल्याची घोषणा केली. त्याच्या आदल्या दिवशी अमेरिकी वकील जॉन स्टीव्हन्स याच्या सांगण्यावरून ‘बॉस्टन’ या युद्धनौकेवरील दीडशेहून अधिक सैनिक व खलाशी होनोलुलूत उतरले होते.

राणीचे १७ जानेवारी १८९३ चे निवेदन हा या वादातील पहिला महत्त्वाचा दस्तऐवज होय. राज्यत्यागाचे शब्द त्यात नाहीत. आपण संयुक्त संस्थानांच्या वरचढ बळापुढे नमते घेत आहोत, आणि त्या देशाचे सरकार वस्तुस्थिती जाणून आपल्या प्रतिनिधीचे कृत्य रद्द करून आपणास पुन्हा पदारूढ करीपर्यंतच अधिकार सोडत आहोत, अशी त्याची मांडणी आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. शरणागती हंगामी सरकारला दिलेली नाही, अमेरिकेला दिलेली आहे. आणि क्रियापदाला कालमर्यादेचे बंधन घातलेले आहे. १८४३ च्या अनुभवाचे पूर्वोदाहरण येथे स्पष्ट दिसते. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी करवून डिसेंबर १८९३ मध्ये काँग्रेसला जो संदेश धाडला, त्यात हे कृत्य काँग्रेसच्या संमतीवाचून केलेली युद्धकृतीच असल्याचे म्हटले होते. तथापि राणीची पुनःस्थापना झाली नाही. सत्ताधाऱ्यांनी १८९४ मध्ये प्रजासत्ताक घोषित केले. १८९५ मध्ये फसलेल्या उठावानंतर कैदेतील राणीकडून राज्यत्यागाचा लेख घेण्यात आला. त्यावर तिला ‘लिलिउओकलानी डोमिनिस’ अशी सही करावयास लावले. डोमिनिस हे तिच्या पतीचे आडनाव. या नावाची व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हती, असे राणीने पुढे लिहून ठेवले आहे. सक्तीने घेतलेल्या सहीची वैधता हा वेगळा प्रश्न. परंतु राज्यकर्त्रीला गृहिणीच्या नावाने सही करावयास लावणाऱ्यांना नावाचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते, असे म्हणावे लागते.

जून १८९७ मध्ये प्रजासत्ताकाने अमेरिकेशी सामिलीकरणाचा तह केला. त्याविरुद्ध ‘हुइ आलोहा आइना’ या संघटनेने २१,००० हून अधिक सह्या गोळा केल्या. त्या वेळी मूळ हवाईयनांची संख्या सुमारे ४०,००० होती. अर्जाचे शीर्षक दोन भाषांत होते. इंग्रजीत ज्याला ‘ॲनेक्सेशन’ म्हटले, त्याला हवाईयनमध्ये ‘होओहुइ आइना’ असा शब्द होता. ‘हुइ’ म्हणजे एकत्र येणे. ‘होओ’ हा प्रयोजक उपसर्ग. भूमी आपण होऊन मिळत नाही, कोणीतरी ती जोडून घेतो, हे शब्दाच्या घडणीतच सामावलेले आहे. मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. सातारचे राज्य १८४८ मध्ये ‘खालसा झाले’ आणि कोल्हापूर १९४९ मध्ये ‘विलीन झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा निवाडा क्रियापदाने आधीच दिलेला असतो. हवाईसंबंधी लिहिताना यांपैकी कोणते क्रियापद वापरावे, हाच मुळी वादाचा प्रश्न आहे.

तहाला सीनेटमध्ये आवश्यक असलेले दोनतृतीयांश मताधिक्य मिळेना. दरम्यान स्पेनशी युद्ध सुरू होऊन हवाईच्या बंदरांचे लष्करी महत्त्व वाढले, आणि तहाऐवजी साध्या बहुमताने संमत होणारा संयुक्त ठराव मांडण्यात आला. राष्ट्राध्यक्ष मॅक्किन्ली यांनी ७ जुलै १८९८ रोजी त्यावर सही केली. या ठरावाची वाक्यरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्याअर्थी प्रजासत्ताकाने सर्व सार्वभौम हक्क विनाअट देऊन टाकण्यास संमती दर्शविली आहे, असे प्रास्ताविकात म्हटले आहे. मुख्य भागात ‘सदरहू’ प्रदान स्वीकारून बेटे याद्वारे जोडून घेण्यात येत आहेत, असे म्हटले आहे. ‘सदरहू’ हा दर्शक शब्द मागे पाहतो, आणि मागे आहे ते केवळ प्रास्ताविक; त्याच्याही मागे आहे तो अमेरिकेने कधीच पक्का न केलेला तह. ‘याद्वारे जोडून घेण्यात येत आहेत’ हे उक्तीनेच कृती घडविणारे वाक्य आहे. तत्त्वज्ञ ऑस्टिन यांनी अशा वाक्यांसंबंधी दाखवून दिले आहे की, बोलणाऱ्यास तसे बोलण्याचा अधिकार असेल तरच ती फलद्रूप होतात. एका देशाच्या कायदेमंडळाचा ठराव दुसऱ्या देशाच्या भूमीवर कसा चालतो, हा आक्षेप नेमका याच ठिकाणी येतो. १९८८ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्यातील कायदेसल्लागारांनीही, काँग्रेसने हवाई मिळविताना घटनेतील कोणता अधिकार वापरला हे स्पष्ट होत नाही, असे नमूद केले होते.

उलट पक्षाची बाजूही दुर्बल नाही. शतकाहून अधिक काळचा अखंड अंमल, इतर राष्ट्रांनी दिलेली मान्यता आणि १९५९ चे मतदान यांवर ती उभी आहे. त्या मतदानात सुमारे ९४ टक्के मते घटक राज्याच्या बाजूने पडली आणि संयुक्त राष्ट्रांनी हवाईचे नाव अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीतून काढून टाकले. परंतु मतपत्रिकेवरील प्रश्न तत्काळ घटक राज्य व्हावे की नाही, एवढाच होता. नकार देणाऱ्याच्या वाट्यास स्वातंत्र्य येत नव्हते. पूर्वीचा परतंत्र प्रदेशाचा दर्जाच उरत होता. प्रश्न कसा विचारला यावर उत्तराचे मोल अवलंबून असते.

राज्य उलथवण्यात आले त्या घटनेस शंभर वर्षे झाली तेव्हा, २३ नोव्हेंबर १९९३ रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी क्षमायाचनेच्या ठरावावर सही केली. त्यात ‘ज्याअर्थी’ने आरंभ होणारी ३७ कलमे आहेत. राज्य बेकायदा उलथवण्यात आले, सुमारे १८ लाख एकर भूमी मूळ लोकांच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून अमेरिकेकडे गेली, आणि त्यांनी आपला सार्वभौमत्वाचा दावा कधीही प्रत्यक्षपणे सोडला नाही, हे सर्व तेथे अमेरिकेच्या स्वतःच्या शब्दांत आहे. याच्या आधारे हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, मूळ लोकांच्या दाव्यांचा निकाल लागेपर्यंत, या भूमीच्या विक्रीस मनाई केली. ३१ मार्च २००९ रोजी संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने रद्द ठरविला. न्यायालयाचा युक्तिवाद मुख्यतः क्रियापदांवर आधारलेला होता. ठरावाच्या मुख्य भागात काँग्रेस ‘मान्य करते’, ‘प्रशंसा करते’, ‘क्षमा मागते’, ‘आवाहन करते’; हक्क निर्माण करताना काँग्रेस अशी क्रियापदे योजीत नाही. प्रास्ताविकातील ‘ज्याअर्थी’ कलमांवर तर एवढा भार टाकताच येणार नाही.

कायद्याचे व्याकरण म्हणून हे वाचन बरोबर आहे. मराठीत ‘ज्याअर्थी’ला ‘त्याअर्थी’ची अपेक्षा असते, पूर्वपद उच्चारले की उत्तरपद देणे भाग पडते. इंग्रजीतील तत्सम अव्ययाला असे बंधन नाही. त्यामुळे सदतीस वेळा कारण सांगून कार्य न सांगणे तेथे व्याकरणदृष्ट्या शक्य होते. मात्र १८९८ च्या ठरावात ‘सदरहू’ प्रदानाचा सारा भार ज्यावर पडतो ते प्रास्ताविकच होते, हेही तितकेच खरे. अव्यय तेच, त्याला पेलावयास दिलेला भार मात्र त्या वेळी निराळा होता.

हवाईयनांतही या दस्तऐवजांच्या वाचनाविषयी एकमत नाही. एक पक्ष मूळ लोकसमाज या नात्याने अमेरिकेच्या चौकटीत स्वयंशासन मागतो. दुसऱ्या पक्षाच्या मते राज्य कधी संपलेच नाही. ते केवळ परकीय ताब्यात आहे, आणि त्याच्या प्रजाजनांत वंशाने हवाईयन नसलेलेही होते. १९९३ च्या ठरावात ‘नेटिव्ह हवाईयन’ याची व्याख्या १७७८ पूर्वीच्या रहिवाशांचे वंशज अशी केलेली आहे. म्हणजे क्षमा मागितली ती एका समाजाची, एका राज्याची नव्हे. हेगच्या लवाद न्यायाधिकरणापुढे हा दुसरा दावा एका प्रकरणात अप्रत्यक्षपणे आला. परंतु अमेरिका पक्षकार नसल्याने निर्णय देता येत नाही, असे २००१ मध्ये सांगण्यात आले. हवाईच्या न्यायालयांनी तो मान्य केलेला नाही.

ज्या भाषेत हे अर्ज लिहिले गेले ती १८९६ च्या कायद्याने शाळांतून बाजूस सारली गेली. १९७८ मध्ये तिला इंग्रजीबरोबर राज्यभाषेचे स्थान मिळाले. सह्यांचे कागद वॉशिंग्टनच्या अभिलेखागारातच पडून होते. १९९० नंतरच्या दशकात ते पुन्हा लोकांपुढे आले आणि अनेकांना त्यांत आपल्या पणज्या-पणजोबांची नावे सापडली. भूमीपुरते बोलावयाचे तर, २००९ च्या निकालानंतर त्याच वर्षी हवाईच्या विधिमंडळाने कायदा करून तिच्या विक्रीसाठी दोन्ही सभागृहांतील दोनतृतीयांश मतांची अट घातली. १८९७ च्या तहाला न मिळालेले मताधिक्य ते हेच.