पट्टा काळाच हवा का? डायव्हिंग हार्नेसच्या रंगांविषयी काही गैरसमज

स्कूबा डायव्हिंगला लागणारे सामान भाड्याने घेण्याऐवजी स्वतःचे जमवायला लागले की आधी बॅकप्लेट येते आणि मग पट्ट्याचा प्रश्न. बॅकप्लेट म्हणजे हवेची टाकी जिला बांधतात ती पाठीवरची स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची पाटी. तिच्या खाचांतून ५० मिलिमीटर रुंदीचा एकच अखंड पट्टा ओवतात. खांद्यांचे आणि कमरेचे बंद त्यातूनच होतात. फ्लोरिडाच्या पाण्याखालील गुहांत ही मांडणी घडली. तिथले डायव्हर विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरून तिला ‘होगार्थियन’ हार्नेस म्हणतात. हे हार्नेस बहुतेक काळेच दिसतात आणि त्यातूनच एक समजूत पक्की झाली आहे: काळा पट्टा मजबूत, रंगीत पट्टा नुसता शोभेचा.

हे खरे नाही. पट्ट्याची ताकद धाग्यात आणि विणीत असते. खाटेच्या नवारीसारखाच हा सपाट, घट्ट विणलेला पट्टा असतो. त्याच धाग्याचे, त्याच विणीचे निळा आणि काळा असे दोन पट्टे नवे असताना ताकदीला जवळपास सारखेच भरतात. काळ्याचा वरचष्मा दिसतो तो उन्हात, आणि तोही नेहमी नाही. धागा काढण्याआधीच वितळलेल्या कच्च्या मालात काजळी मिसळली असेल, तर ती अतिनील किरण शोषून धाग्याला वाचवते. पण नायलॉनचे बरेचसे पट्टे विणून झाल्यावर रंगवले जातात. तशा काळ्या पट्ट्यात काजळीचा अंशही नसतो. म्हणून दुकानदाराला विचारायचा प्रश्न ‘काळा आहे का’ हा नाही. रंग धाग्याच्या आत मुरवला आहे की वरून दिला आहे, हे विचारावे.

रंगांमध्ये सगळ्यात लवकर उडतात ते निऑन गुलाबी, निऑन पिवळा यांसारखे चमकदार रंग. हा दोष समजून अनेक जण ते टाळतात. मला मात्र यात एक सोय दिसते. असा पट्टा जुना झाला की खांद्यावरची ट्रायग्लाइड, म्हणजे पट्टा ओवून अडकवायची सपाट कडी, दोन बोटे सरकवून पाहा. तिच्याखाली झाकलेला भाग अजून भडक असेल आणि शेजारचा भाग फिका पडलेला असेल. उन्हाने पट्ट्यावर किती काम केले, त्याची ही उघड नोंद असते. रंग उडाला म्हणजे पट्टा तुटणारच असे नाही, पण त्या जागी धागा किती झिजला आहे हे बारकाईने बघायलाच हवे. काळ्या पट्ट्यावर हा फरक सहज नजरेत भरत नाही.

खरी फसगत रंगात होत नाही, धाग्यात होते. बॅगांच्या सामानाच्या दुकानात मिळणारे स्वस्त, रंगीबेरंगी पट्टे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते गुळगुळीत असल्याने बकलमधून सरकतात, घर्षणाने लवकर झिजतात, आणि संरक्षक द्रव्य मिसळलेले नसेल तर उन्हात ठिसूळ होतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. बोटभर तुकडा पाण्यात बुडवून आतली हवा पिळून काढा आणि सोडून द्या. पॉलिप्रॉपिलीन तरंगते, नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात.

नायलॉन पाणी पितो. नेहमीच्या दमट हवेतच तो वजनाच्या सुमारे ४ टक्के पाणी धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. भिजलेला नायलॉन थोडा लांबतो आणि त्याची ताकद १० ते १५ टक्क्यांनी उतरते. म्हणून घरी कोरड्या पट्ट्यावर नेमके बसवलेले माप पाण्यात ढिले वाटते आणि माणूस मालाला नावे ठेवतो. पट्टा भिजवून मगच माप घ्यावे. ताकद उतरल्याची मात्र चिंता नको. ८० घनफुटी ॲल्युमिनियमची टाकी भरून सुमारे १७ किलोची होते, आणि ५० मिलिमीटरचा चांगला नायलॉन पट्टा तुटायला दीड-दोन टनांहून अधिक ताण लागतो. त्यामुळे पाकिटावरच्या मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. पैसे मोजावेत ते ताठपणासाठी. पट्टा हातात धरून वाकवून पाहा. ताठ पट्ट्याचा फास उघडा राहतो, हात सहज आत जातो आणि डी-रिंग जागची हलत नाही. मोटारीच्या सीटबेल्टसारखा मऊ पट्टा अंगाला बरा वाटतो, पण ट्रायग्लाइडमध्ये तग धरत नाही.

‘भडक रंग घेतला की पाण्यात जोडीदाराला लगेच दिसतो’ हेही अर्धेच खरे. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी गिळते. पाचेक मीटरवरच लाल पट्टा मळकट दिसू लागतो आणि आणखी खाली काळपट होतो. निऑन रंग मात्र टिकतात, कारण ते खाली पोचणारा निळा-हिरवा प्रकाश घेऊन आपल्या रंगात परत फेकतात. तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ पाणी गढूळलेले असेल तेव्हा याचा उपयोग होतो. तरीही खांद्याचा पट्टा निऑन पिवळा घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. जोडीदाराची हवा संपली तर तो तुमच्या छातीवर पिवळा रंगच शोधणार आहे, कारण राखीव रेग्युलेटर आणि त्याची नळी बहुधा पिवळी असते. त्या क्षणी तिथे दुसरे काहीही पिवळे असता कामा नये. नारिंगी, निळा, जांभळा, हवा तो घ्या.

लाल आणि जांभळ्या पट्ट्यांचा रंग कधीकधी सुटतो आणि फिक्या रॅशगार्डवर डाग पडतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहिले की विकत घेण्याआधीच समजते. साडेतीन-चार मीटर पट्टा एकदमच घ्यावा, कारण दुसऱ्या घाण्यातला रंग तंतोतंत जुळेलच असे नाही.

खाऱ्या पाण्याने नायलॉन कुजतो, हीही चुकीची समजूत. मीठ धाग्याला खात नाही. पण विणीत सुकलेले त्याचे खडे धाग्यांना घासत राहतात, म्हणून गोड्या पाण्यात भिजवून धुवावे. धुतल्यावर पट्टा उन्हात वाळत घालण्याची सवय मात्र मोडायला हवी. तो सावलीत वाळवावा. ब्लीच कधीच वापरू नये. क्लोरीनने नायलॉन कमकुवत होतो.

पट्टा सर्वांत आधी झिजतो तो बॅकप्लेटच्या खाचांपाशी. तिथे तो धातूच्या कडेवरून वळतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो भाग थोडा बाहेर ओढून काठावरून नख फिरवावे. नुसती लव आली असेल तर चालते. काठाचे धागे तुटलेले लागले तर आधी खाचेची कड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घ्यावी आणि मग पट्टा बदलावा. नाहीतर नवा पट्टाही त्याच जागी कापला जाईल.