रुग्णाची माहिती : रुग्णालयाच्या संगणकात आणि आपल्या घरी

नोंदणीच्या खिडकीवर आपण नाव, वय, पत्ता आणि मोबाइल क्रमांक सांगतो. डॉक्टरांच्या खोलीत त्यात जुने आजार, चालू औषधे, कधी मानसिक उपचारांची किंवा गर्भपाताची नोंद जोडली जाते. बँकेचे कार्ड चोरीस गेल्यास ते बंद करून नवे घेता येते. आजाराचा इतिहास मात्र बदलून मिळत नाही.

23 नोव्हेंबर 2022 रोजी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजेच एम्सच्या, संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. अशा हल्ल्यात साठवलेली माहिती जणू कुलूपबंद होते आणि किल्ली हल्लेखोराकडे राहते. किल्लीच्या बदल्यात सहसा खंडणी मागितली जाते. संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार एम्सचे पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. अंतर्गत जाळ्याची योग्य विभागणी नसणे हे त्याचे कारण सांगण्यात आले. घराच्या खोल्यांना दारे नसावीत आणि पुढच्या दारातून शिरलेला चोर थेट तिजोरीपर्यंत पोहोचावा, तसाच हा प्रकार. नोंदणी, दाखल करणे, तपासणी अहवाल ही कामे कागदावर करावी लागली. बाधित न झालेल्या राखीव सर्व्हरवर प्रत होती, म्हणून ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती परत मिळाली; तरी बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले.

अशा प्रसंगी केवळ गुप्ततेचाच प्रश्न उभा राहतो असे नाही. वॉर्डात इंजेक्शन देण्यापूर्वी परिचारिका रुग्णास पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, हे पाहते. पडदा काळा झाला असेल आणि रुग्ण बेशुद्ध असेल, तर हे सांगणार कोण? म्हणून प्रत्येक कुटुंबाने डिस्चार्ज कार्ड, अलीकडील तपासण्यांचे अहवाल आणि चालू औषधांची मात्रेसह यादी एका फाइलमध्ये ठेवावी. अ‍ॅलर्जी असल्यास ती पहिल्याच पानावर ठळक लिहावी. ही साधी फाइल संकटकाळी फार मोलाची ठरते.

फुटलेल्या माहितीचा गैरवापर बहुधा दूरध्वनीने होतो. बोलणाऱ्यास आपल्या शस्त्रक्रियेची तारीखही ठाऊक असते, त्यामुळे विश्वास बसतो; मग विम्याची रक्कम मिळवून देण्याच्या नावाखाली ओटीपी मागितला जातो. आजाराचा तपशील ठाऊक असणे ही ओळखीची खूण नव्हे. फोन ठेवावा आणि रुग्णालयाच्या कागदावरील क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. केसपेपरचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात टाकण्याची सवयही सोडावी. तेथून ते कोठे जाईल, हे आपल्या हाती राहत नाही.

चौदा अंकी आभा क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी आपल्या संमतीनेच पाहता येतात. संमती देताना कोणत्या नोंदी आणि किती काळासाठी, हे वाचावे. दिलेली संमती मागेही घेता येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळवण्याची तरतूद आहे. अधिनियमाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे.

पैसे गेल्याचे लक्षात येताच 1930 या क्रमांकावर कळवावे. लाजेने किंवा घरच्यांच्या भीतीने गेलेला एक तासही महाग पडतो, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. आलेल्या कॉलचा क्रमांक, संदेश आणि व्यवहाराचा तपशील पुसू नये.