दम्याचा पंप आणि आपली भीती

शाहूपुरी ही मुळात गुळाची पेठ. शाहू महाराजांनी १८९५ साली ती वसवली. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले, पण कोल्हापूरच्या हवेवर उसाचा अंमल अजून आहेच. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे पेटतात, तुटलेल्या उसाच्या रानात पाचट जाळतात आणि थंडीत तो धूर खालीच रेंगाळतो. शाहूपुरीतल्या माझ्या दवाखान्यात या दिवसांत धाप लागलेले रुग्ण वाढतात. ‘डॉक्टर, गुऱ्हाळाच्या धुरानं दमा झाला बघा,’ असे त्यांचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

धुराने दमा उठतो, हे खरे. मात्र दम्याची तयारी बहुतेक वेळा आधीच झालेली असते. आईवडिलांपैकी कोणाला दमा, सततच्या शिंका किंवा इसब असेल, तर मुलांत तो येण्याचा संभव वाढतो. अशा शरीराला अंथरुणातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, झुरळांची विष्ठा, परागकण, पावसाळ्यात ओल्या भिंतीवर चढणारी बुरशी या निरुपद्रवी गोष्टी शत्रू वाटू लागतात. त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात. पुढच्या वेळी तोच कण श्वासात आला, की श्वासनलिकेतल्या पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही रसायने सोडतात. मग नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो. श्वास आत जातो, पण बाहेर पडताना अडतो. छातीतून शिट्टी वाजते ती त्यामुळे. पहाटे हा त्रास अधिक होतो. साधी सर्दी, थंड हवा, अगरबत्ती, चुलीचा धूर यांनीही ठिणगी पडते.

स्नायूंचा आवळ तासाभरात सुटेल, पण सूज मागे राहते. रुग्णाला बरे वाटत असते तेव्हाही ती असते. वर्षानुवर्षे तशीच राहिली, तर नळीची भिंत जाड होते आणि मग ती पूर्ववत होत नाही.

म्हणून औषधे दोन प्रकारची. पहिले तत्काळ आराम देणारे, सालब्युटामॉल. पाच मिनिटांत नळी मोकळी होते, परिणाम चार ते सहा तास टिकतो. सुजेवर त्याचा काहीही उपयोग नाही. दुसरे सूज उतरवणारे, म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड: ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन. त्याचा गुण यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. घोटाळा इथेच होतो. ज्याने लगेच बरे वाटते ते औषध लोक जवळ बाळगतात आणि ज्याने आजार आटोक्यात राहतो ते बंद करतात. नुसत्या सालब्युटामॉलवर दिवस काढणाऱ्यांना जिवावर बेतणारा झटका येण्याचा धोका अधिक असतो. दम्याच्या उपचारांबाबत जगभर मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ साली स्पष्ट सांगितले, की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी ते एकटे वापरू नये. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप दोन्ही कामे करतो.

‘मुलीचं लग्न ठरायचंय, पंप नको, गोळ्याच द्या,’ अशी विनंती मला नेहमी ऐकावी लागते. आता हिशेब पाहा. सालब्युटामॉलची एक गोळी चार मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत ४० फवाऱ्यांचे औषध! ते साऱ्या अंगात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाची सवय लागत नाही, आणि तो शेवटचा उपायही नव्हे. त्याची कल्पना तर एका लहान मुलीची. १९५५ साली अमेरिकेतील रायकर या औषध कंपनीच्या प्रमुखांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारले, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नाही? पुढच्याच वर्षी पंप बाजारात आला.

घरगुती उपायांची मी थट्टा करत नाही. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध निघाले. कोजागरीच्या खिरीतून औषध घ्यायचे असेल, मृगाला हैदराबादचा मासा गिळायचा असेल, तर तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण त्यासाठी पंप बंद करू नका. निनावी पुड्या मात्र टाळाच. त्यांत कधी कधी स्टिरॉइडच मिसळलेले असते, तेही बेहिशेबी.

पंप घेण्याची रीत चुकली, तर औषध घशातच बसते. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, सावकाश आत ओढायला लागताच दाबा, दहा सेकंद धरून ठेवा. स्टिरॉइडनंतर चूळ भरा. लहान मुलांना स्पेसर लावावा. तो परवडत नसेल, तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून चालते. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ साली मुलांवर हे तपासून पाहिले आहे.

एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, किंवा शिट्टी थांबूनही धाप तशीच राहिली, तर पंप देत देत थेट रुग्णालय गाठा. आणि पंप रिकामा झाला का, हे पाण्यात तरंगवून पाहू नका. ती परीक्षा खोटी ठरते. बहुतेक पंपांत २०० फवारे असतात. सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा आणि रोजचे फवारे मोजा.