चेहऱ्यावरचे केस : लेझर की इलेक्ट्रोलिसिस?

आजचा विषय जरा लाजेचा, म्हणून बैठकीत कुणी काढत नाही. आमच्या गटातही तो निघाला नव्हता. निघाला तो कर्जाच्या वहीमुळं.

आमच्या एका ताईंनी गटातून पंधरा हजार रुपये अंतर्गत कर्ज उचललं. कारण लिहिलं 'घरखर्च'. हप्ते थकायला लागले तशा आम्ही चौघीजणी त्यांच्या घरी गेलो, आणि खरं काय ते कळलं. त्यांच्या लेकीच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दाट केस होते. बघायला पाहुणे यायचे होते. शहरातल्या एका पार्लरनं 'कायमचे जातील' असं सांगून सहा वेळच्या लेझरचे पैसे आधीच घेतले. चार वेळा लेझर झालं. मधल्या दिवसांत पोरगी उन्हात द्राक्षबागेत कामाला जातच होती. जबड्यावर काळे डाग उठले आणि केस परत आले. पाळी वेळेवर येते का, हे तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तिची पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नव्हती.

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण ती पोरगी त्यानंतर कितीतरी महिने घरातसुद्धा स्कार्फ बांधून वावरली, त्याचं जास्त वाटलं. ताईंनी आम्हाला आधी सांगितलं असतं, तर तेव्हा आम्हाला तरी काय ठाऊक होतं? म्हणून मग आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडं जाऊन बसलो, विचारून घेतलं, वाचलं. ते सगळं आज तुमच्यापुढं मांडतो.

पहिली गोष्ट. बाईच्या चेहऱ्यावर बारीक लव असतेच, तो आजार नाही. पण हनुवटी, जबडा, ओठाच्या वरचा भाग, छाती, पोट अशा जागी पुरुषासारखे जाड काळे केस येत असतील, तर त्यामागं कारण शोधावं लागतं. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे पीसीओएस. बाईच्या अंगात पुरुषी हार्मोन थोडे असतातच, ते या आजारात वाढतात. पाळी लांबते, मुरमं येतात, वजन वाढतं, कधी दिवस राहायला अडचण येते. जगात साधारण दहा बायकांत एकीला हा त्रास असतो, तेव्हा आपल्या दहाजणींच्या गटातही एखादी असू शकते. पाळी बंद व्हायच्या वयातही हनुवटीवर चार-दोन राठ केस येतात. काही घराण्यांत केस जात्याच जास्त असतात.

आणखी एक कारण आपण स्वतःच विकत आणतो. गोरं होण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. ते महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, तोंड लाल होतं आणि गालावर केस वाढतात. असं क्रीम चालू असेल तर डॉक्टरांना नळी दाखवा आणि ते कसं बंद करायचं ते त्यांनाच विचारा.

थोड्याच महिन्यांत केस भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले, पाळी बंद पडली, तर लेझरचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. क्वचित अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असते. ती वेळेत सापडायला हवी.

आता लेझर म्हणजे काय ते बघू. भर उन्हात काळं कापड तापतं तितकं पांढरं तापत नाही, हे आपण जाणतो. लेझर तसंच चालतं. त्याचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो, तिथं उष्णता होते आणि ती मुळाला भाजते. अमेरिकेतल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या डॉक्टरांनी १९८३ साली हे तत्त्व मांडलं. त्यावरूनच पुढं केसांची लेझर यंत्रं आली.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, केस काळा आणि जाड हवा. पांढऱ्या केसाला लेझर लागू पडत नाही, कारण त्यात रंगच नाही. दोन, आपली कातडीही सावळी. यंत्र चुकीचं किंवा जोर जास्त लागला, तर केसाआधी कातडी भाजते. सावळ्या रंगाला एनडी-याग नावाचं लेझर जास्त सुरक्षित मानतात. उन्हानं रापलेल्या तोंडावर धोका आणखी वाढतो. तीन, सगळे केस एकाच वेळी वाढीला नसतात. वाढीत असलेल्या केसावरच लेझर चालतं, म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी, अशा सहा ते आठ किंवा जास्तही फेऱ्या लागतात.

इलेक्ट्रोलिसिस जुनं आहे. १८७५ साली अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी पापणीचे डोळ्यात टोचणारे केस काढायला ते वापरलं. यात केसाशेजारून बारीक सुई मुळापर्यंत घालतात आणि किंचित वीज सोडतात. एका पद्धतीत विजेमुळं कातडीतल्या मीठ-पाण्यापासून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ खाऊन टाकतो. आपल्या विट्याची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेलीत, त्यांच्या घरच्यांना हे लगेच समजेल. तेजाब हिणकस खातं, तसं हे मूळ खातं. दुसऱ्या पद्धतीत नुसत्या उष्णतेनं मूळ जाळतात. काही ठिकाणी दोन्ही मिळून करतात.

इथं केसाचा रंग आडवा येत नाही. काळा, भुरा, पांढरा, कुठलाही केस चालतो. पण काम एकेका केसाचं, खुरप्यानं हरळीची एकेक काशी काढण्यासारखं. हनुवटीवरचे पाच-पंचवीस केस असतील तर ठीक. पूर्ण जबडा असेल तर वर्ष-दीड वर्ष खेटे घालावे लागतात. दुखतंही. हात कच्चा असेल तर खड्डे आणि डाग पडतात.

मग 'कायमचं' कुठलं? अमेरिकेचं औषध खातं इलेक्ट्रोलिसिसला 'कायम केस काढणं' म्हणतं, आणि लेझरला फक्त 'कायम केस कमी करणं'. लेझरनंतर केस विरळ आणि बारीक होतात, पण मधूनमधून पुन्हा फेरी लागते. आणि पीसीओएसवर उपचार नसेल, तर दोन्हीनंतर नवे केस येत राहतात. शेतात पाट फुटलेला असताना तण काढून काय उपयोग? आधी पाट बांधायचा.

आता निवड. केस दाट, काळे, जाड आणि जागा मोठी असेल तर लेझर बरं. केस थोडे असतील, पांढरे किंवा भुरे असतील तर इलेक्ट्रोलिसिस. पुष्कळजणी आधी लेझरनं दाटी कमी करतात आणि उरलेले सुईनं काढतात. गालावर नुसती बारीक लव असेल तर लेझर करू नका. सावळ्या रंगाच्या आणि पीसीओएस असलेल्या बायकांत कधीकधी लेझरनं उलटंच होतं, बारीक लव जाड होऊन उगवते. दिवस गेले असतील तर दोन्ही पुढं ढकला.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा. लेझर ठरलं की महिनाभर आधीपासून दोरा, वॅक्स, चिमटा बंद. मूळच उपटलं तर लेझर भाजणार कशाला? रेझर चालतो. रेझरनं केस जाड होतात ही नुसती समजूत आहे. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच दाढी करणाऱ्या पुरुषांवर हे तपासून खोटं ठरवलं होतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकंच.

बागेच्या हंगामात लेझर धरू नका. फेरीच्या आधी आणि नंतर निदान दोन आठवडे तोंडाला ऊन लागता कामा नये. छाटणी, विरळणी आणि तोडणीच्या दिवसांत हे आपल्याला जमत नाही, तेव्हा कामाला खंड असेल तो काळ निवडा.

डॉक्टर त्वचेचे आहेत का, पाटीवर एम.डी. किंवा डी.व्ही.डी. आहे का ते बघा. यंत्र कुठलं, ते कोण चालवणार, हे विचारा. आधी कानाजवळ थोड्या जागेत करून बघायला लावा. डोळ्यांवर झाकण हवंच. इलेक्ट्रोलिसिसची सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे, नाहीतर काविळीची आणि एचआयव्हीची भीती. जखमेची जाड गाठ बनत असेल, तापात ओठावर फोड येत असतील, मुरमांच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगा.

खर्चाचा हिशेब आपल्या पद्धतीनं करा. एका वेळेला दीड हजार सांगितले, तर आठ वेळचे बारा हजार होतात. त्यात आठ दिवसांची बुडालेली मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं धरा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. सगळ्या फेऱ्यांचे पैसे एकदम देऊ नका. पाळीची तपासणी मात्र यात धरू नका, ती आधी आणि वेगळी. त्यासाठी विट्याचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर सांगली-मिरजेचं सरकारी रुग्णालय गाठा.

आणि काहीच करायचं नसेल तर तेही चालतं. महिन्याला दोरा फिरवणारी, रेझर वापरणारी किंवा केस तसेच ठेवणारी बाई काही कमी नाही.

ताईंच्या लेकीचे आता पीसीओएसचे उपचार चालू आहेत. पाळी बरीच मार्गावर आली. डाग फिके पडलेत, पुरते गेले नाहीत. लेझर पुन्हा करायचं की नाही, हे ती स्वतः ठरवणार आहे. त्या कर्जाला गटानं मुदत वाढवून दिली. आणि बैठकीत एक ठराव केला : अशा कामासाठी कर्ज मागणाऱ्या बाईला गटातली एकजण आधी डॉक्टरांकडं घेऊन जाईल, मग कर्ज द्यायचं. वहीत कारण 'औषधोपचार' असं लिहायचं. कुणी हसायचं नाही आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढून बघा. एकीनं तोंड उघडलं की दुसरी बोलते.