क्रॅंक स्वस्तात मिळाला, पण एस्टिमेट कशाचं द्यायचं?



माझ्या स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर एक प्रश्न नेहमी येतो. "दादा, एकाच कंपनीची दोन इंजिनं आहेत, मोठ्याचा क्रॅंक लहानात बसेल का?" बसतो की नाही हे मिस्त्री सांगेल. पण तुम्ही गॅरेज किंवा मशीन शॉप चालवत असाल, तर या कामाचं एस्टिमेट कसं द्यायचं हा प्रश्न तुमचा आहे. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

उदाहरण अमेरिकेतलं घेतो, कारण या कामाची सगळी मापं तिथे जगजाहीर आहेत. शेव्हरलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिन 1955 साली आलं. त्याच घराण्यात 1967 ला 350 क्युबिक इंचाचं इंजिन आलं आणि 1970 ला 400 चं. 350 चा बोअर 4 इंच आणि स्ट्रोक 3.48 इंच. 400 चा स्ट्रोक 3.75 इंच. तिथल्या मिस्त्र्यांनी हिशोब केला: 400 चा क्रॅंक 350 च्या ब्लॉकमध्ये घातला आणि बोअर 30 थाऊ वाढवला, तर 383 क्युबिक इंच मिळतात, म्हणजे 5.7 लिटरचं इंजिन जवळपास 6.3 लिटरचं होतं. हेच ते प्रसिद्ध 383 स्ट्रोकर. भंगारातल्या गाडीचा क्रॅंक स्वस्तात मिळायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटायचं की काम स्वस्तात होणार.

आता बघा, खर्च कुठून कुठे जातो.

400 च्या क्रॅंकचे मेन जर्नल 2.65 इंचांचे, आणि 350 च्या ब्लॉकमध्ये जागा 2.45 ची. म्हणजे पाचही मेन जर्नल 0.2 इंच, साधारण 5 मिलिमीटर, ग्राइंड करून कमी करायचे. रॉडचे जर्नल मात्र दोन्हीकडे 2.10 इंचच, तिथे सुटका.

मग उंचीचा हिशोब. अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि पिस्टनच्या गजन पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, या तिघांची बेरीज ब्लॉकच्या उंचीत मावली पाहिजे. स्मॉल ब्लॉकची उंची 9.025 इंच. मूळ 350 मध्ये 1.74 अधिक 5.7 अधिक 1.56, बरोबर 9. क्रॅंक बदलल्यावर पहिला आकडा 1.875 होतो, म्हणजे दुसरीकडून 0.135 इंच कमी करावे लागतात. इथे दोन वाटा आहेत. 400 चाच आखूड रॉड, 5.565 इंचांचा, घ्या आणि पिस्टन 350 च्याच उंचीचे ठेवा, बेरीज परत 9. ही स्वस्त वाट, पण आखूड रॉडमुळे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जास्त दाबतो. दुसरी वाट 5.7 चा रॉड ठेवून 1.425 उंचीचे वेगळे पिस्टन घ्यायचे. बोअर वाढवलाय म्हटल्यावर पिस्टन तसेही नवीनच लागणार, त्यामुळे मला दुसरी वाट पटते.

हे झाल्यावर क्रॅंक ब्लॉकमध्ये ठेवून हाताने फिरवायचा. लांब स्ट्रोकमुळे रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि कधी कॅमशाफ्टला लागतात. तिथे घासून जागा करायची, तीसुद्धा जपून, कारण सिलिंडरच्या तळाशी जास्त घासलं तर पाण्याच्या जॅकेटला भोक पडतं आणि ब्लॉक भंगारात जातो. गिऱ्हाइकाचा ब्लॉक, बरं का!

अजून बॅलन्सिंग बाकी आहे. 400 चा क्रॅंक बाहेरून बॅलन्स केलेला असतो, म्हणजे त्याचं काही वजन पुढच्या डँपरवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर असतं. तिथे 350 चे जुने पार्ट लावले तर इंजिन थरथरतं आणि बेअरिंग खातं. शिवाय कम्प्रेशन वाढतं. हेडमधली जागा तीच आणि सिलिंडर मोठा, म्हणून 9 चं कम्प्रेशन पावणेदहाच्या आसपास जातं. पिस्टनचा माथा कसा घ्यायचा ते आधीच ठरवावं लागतं.

म्हणजे स्वस्तातल्या क्रॅंकमागे ग्राइंडिंग, बोअरिंग, पिस्टन, डँपर, फ्लायव्हील, बॅलन्सिंग आणि तुमच्या कारागिराचे कित्येक तास उभे आहेत. अशा कामाला फोनवर "होऊन जाईल" म्हणून एक रक्कम सांगितली, की फरक तुमच्या खिशातून जातो आणि गिऱ्हाइकाशी वाद होतो तो वेगळाच. मी ट्रेनिंगमध्ये सांगतो, पहिली पावती फक्त तपासणीची फाडा. क्रॅंकची क्रॅक टेस्ट, जर्नलची मापं, ब्लॉकच्या बोअरची मापं, याचे पैसे आधी घ्या आणि ते परत मिळणार नाहीत असं लिहून द्या. क्रॅक निघाली तर काम तिथेच थांबेल, हेही त्याच कागदावर. पुढचं एस्टिमेट मापं हातात आल्यावर.

या गोष्टीतला धंद्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 400 चं इंजिन 1980 ला बंद झालं आणि चांगले जुने क्रॅंक कमी होत गेले. मग बाजारात 350 च्या जर्नलला थेट बसणारे 3.75 स्ट्रोकचे नवे क्रॅंक आले, आतून बॅलन्स होणारेसुद्धा. पुढे जनरल मोटर्सने स्वतःच तयार 383 इंजिन विकायला काढलं. ज्याची कमाई फक्त जुना क्रॅंक ग्राइंड करण्यावर होती, त्याचं काम तयार मालाने खाल्लं. पण नवा क्रॅंक आणला तरी जागा तपासायला, बॅलन्स करायला आणि बेअरिंगचा गॅप मोजून बसवायला माणूस लागतोच. तुमच्या रेट कार्डवर मोजमाप आणि बॅलन्सिंग वेगळ्या ओळीत आहेत का, बघा एकदा.

आपल्याकडे हे काम कोणी मागितलं तर एक गोष्ट आधी विचारा: गाडी रस्त्यावर चालणार की ट्रॅकवर? आरसीवर क्युबिक कपॅसिटी लिहिलेली असते, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. रस्त्यावरच्या गाडीचं असं काम मी घेऊ नका म्हणेन, पैसे कितीही मिळोत. ट्रॅकची गाडी असेल तर तसं गिऱ्हाइकाकडून सहीनिशी लिहून घ्या, आणि तो कागद जॉब कार्डला पिन करूनच ब्लॉक लिफ्टवर चढवा.