सतरंज्या उचलणाऱ्यांचे मत

शिरूर लोकसभा मतदारसंघात 2019 आणि 2024 अशा लागोपाठ दोन निवडणुकांत तेच दोन उमेदवार समोरासमोर उभे होते, शिवाजीराव आढळराव पाटील आणि डॉ. अमोल कोल्हे. आढळराव शिवसेनेचे तीन वेळा निवडून आलेले खासदार. कोल्हेही आधी शिवसेनेतच होते. 2019 च्या निवडणुकीच्या तोंडावर ते राष्ट्रवादीत आले आणि घड्याळ चिन्हावर त्यांनी आढळरावांना सुमारे 58 हजार मतांनी हरवले. पाच वर्षांनी, राष्ट्रवादी फुटल्यावर, चित्र पार उलटे झाले होते. मार्च 2024 मध्ये आढळराव अजित पवारांच्या राष्ट्रवादीत दाखल झाले आणि घड्याळ त्यांच्या हाती आले. शरद पवारांसोबत राहिलेल्या कोल्ह्यांच्या हाती तुतारी आली आणि ते सुमारे 1 लाख 40 हजार मतांनी जिंकले. आता या मतदारसंघातल्या भोसरीचा किंवा चाकणचा राष्ट्रवादीचा साधा कार्यकर्ता डोळ्यांसमोर आणा. 2019 मध्ये ज्या माणसाविरुद्ध त्याने दारोदार घड्याळ पोचवले, त्याच माणसासाठी 2024 मध्ये तेच घड्याळ घेऊन त्याने फिरावे, अशी पक्षाची अपेक्षा होती. त्याचा कालचा सोबती तुतारीकडे गेला. दोघांनीही आपली निष्ठा बदलली नव्हती, असे दोघांचेही प्रामाणिक मत होते, आणि दोघेही मोबाइलवर एकमेकांना गद्दार म्हणत होते.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात गेल्या दहा वर्षांत राजकीय भांडणाचा सर्वांत कडवट प्रकार हाच आहे. भाजपवाला राष्ट्रवादीवाल्याशी वाद घालतो तेव्हा दोघांचेही पाठ ठरलेले असतात. पण शरद पवार साहेबांचा माणूस अजितदादांच्या माणसाला उत्तर देतो, किंवा जुना भाजपवाला नव्या भाजपवाल्याला ‘उपरा’ म्हणतो, तेव्हा शब्द थेट वर्मी लागतात, कारण समोरच्याचे सगळे ठाऊक असते: कोणत्या निवडणुकीत तो कुठे होता, कुणाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो होता, कोणत्या कामाचा ठेका कुणाच्या भाच्याला मिळाला. बांधावरून भांडण भावकीतच होते, परक्या गावाशी नाही. कारण वाटणीचा हक्क भावकीतच असतो. पिंपरी-चिंचवड शहराचे राजकारण गावकी-भावकीवर चालते असे नेहमी म्हटले जाते. सांगवी, वाकड, रहाटणी, भोसरी अशा मूळ गावांच्या घराण्यांपुरते ते खरेही आहे. पण कारखान्यांमागे लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगावहून आलेल्या माणसाला इथे भावकी नाही. त्याच्यासाठी पक्षाचा प्रभागातला व्हॉट्सॲप ग्रुप हीच भावकी असते, आणि तिथून काढून टाकले जाणे हा त्याला वाळीत टाकल्यासारखा अपमान वाटतो.

या भांडणांचा दोष मोबाइलवर टाकण्याची आपल्याला सवय लागली आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्या पक्षांत सामान्य सदस्याचे मत मोजले जाण्याची जागाच उरलेली नाही, म्हणून ते मत फोनवर ओरडून सांगितले जाते. दिसायला भांडण निष्ठेचे असते. मुळात ते दखल घेतली न गेल्याचे असते.

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या आकड्यांतच हे दिसते. 2012 च्या निवडणुकीत 128 पैकी 83 जागा राष्ट्रवादीने जिंकल्या होत्या, भाजपकडे होत्या फक्त 3. फेब्रुवारी 2017 मध्ये भाजपने 77 जागा जिंकून सत्ता घेतली आणि राष्ट्रवादी 36 वर आली. तीनवरून सत्त्याहत्तरवर जाणारा पक्ष केवळ मतदारांचे मन बदलून तिथे पोचत नाही, त्याला उमेदवारही बाहेरून आणावे लागतात. चिंचवडचे लक्ष्मण जगताप 2014 मध्ये भाजपमध्ये आले. भोसरीचे महेश लांडगे त्याच वर्षी अपक्ष म्हणून निवडून आले आणि पुढे भाजपमध्ये गेले. या दोन नेत्यांसोबत त्यांचे गट आले. 2018 मध्ये भाजपचे महापौर झालेले राहुल जाधव 2012 मध्ये मनसेकडून निवडून आलेले होते. येणाऱ्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पक्ष वाढतो तो असाच. पण तीन नगरसेवकांच्या काळात ज्यांनी बूथवर एकट्याने टेबल मांडले, त्यांना या बदलाबद्दल कुणी विचारले का? कोणत्या बैठकीत, कोणत्या ठरावावर, कोणत्या मतदानाने? ‘आम्ही फक्त सतरंज्या उचलायच्या’ हे वाक्य या शहरातल्या प्रत्येक पक्षात ऐकू येते. जिथे विचारणा होत नाही, तिथे ते वाक्य तक्रारीतून टोमण्यात, टोमण्यातून शिवीत उतरते.

त्यात निवडणुकीची रचना भर घालते. 2017 मध्ये चार सदस्यांचे 32 प्रभाग झाले. एकाच पक्षाचे चार उमेदवार एकाच मतदारापुढे जातात आणि निकालाच्या दिवशी चौघांची मते शेजारी-शेजारी छापून येतात. एकाला दोन हजार मते कमी पडली, की पहिला संशय विरोधकावर जात नाही, उरलेल्या तीन सोबत्यांवर जातो: यांनी आपल्यापुरते मागितले, पॅनेल चालवले नाही. हा संशय पुढच्या निवडणुकीत निवळतो तरी, नाहीतर फुटतो तरी. इथे पुढची निवडणूकच आली नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकले, प्रशासक बसला आणि मतदान झाले ते थेट 15 जानेवारी 2026 रोजी. जवळपास चार वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. पाणी येत नाही म्हणून कुणाला जाब विचारायचा हे नागरिकाला कळत नव्हते आणि आपण नेमके कशासाठी काम करतो आहोत हे कार्यकर्त्याला. नेमक्या याच काळात शिवसेना फुटली, जून 2022 मध्ये. आणि राष्ट्रवादी फुटली, जुलै 2023 मध्ये. रिकामे मैदान आणि दोन फुटलेले पक्ष, अशी ती चार वर्षे होती.

फुटीचा निर्णय कसा झाला, हे नीट पाहायला हवे. खरी शिवसेना कोणती हे निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 रोजी ठरवले. खरी राष्ट्रवादी कोणती हे 6 फेब्रुवारी 2024 रोजी. दोन्ही वेळी पक्ष संघटनेतले बहुमत हा निकष आयोगाला वापरता आला नाही. शिवसेनेच्या घटनेतली पदाधिकारी नेमण्याची पद्धत आयोगाला लोकशाहीला धरून वाटली नाही, आणि राष्ट्रवादीच्या अंतर्गत निवडणुकांवर विसंबता येईल असे त्याला आढळले नाही. मग विधिमंडळातल्या बहुमतावर निकाल लागला. निकालाशी सहमत असा वा नसा, त्यातून बाहेर आलेले सत्य कुणालाच नाकारता येणार नाही. वर्षानुवर्षे पावत्या फाडणाऱ्या, मोर्चात चालणाऱ्या सदस्यांचे मत दोन्ही पक्षांनी असे कधी नोंदवलेच नव्हते, की ते पुरावा म्हणून मोजता यावे. आमदारांचे मत मोजले गेले, कार्यकर्त्याचे नाही. मग तो आपले मत कुठे देणार? स्टेटसला ठेवणार, ग्रुपवर टाकणार, कुणाच्या तरी फोटोखाली ‘खोके’ असा पैसे घेतल्याचा टोमणा लिहिणार.

हाच पट्टा भांडणाची वेगळी रीतही जाणतो. इथल्या कामगार संघटनांमधले कलह पक्षांपेक्षा सौम्य नव्हते. 1989 मध्ये टेल्को कारखान्यात राजन नायर यांच्या नेतृत्वाखालची संघटना आणि व्यवस्थापनाने जवळ केलेली संघटना यांच्यात कामगार दुभंगले, मारामाऱ्या झाल्या, सप्टेंबरमध्ये कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. 2013 मध्ये चाकणच्या बजाज ऑटोमधला संप 50 दिवस चालला. अशा प्रत्येक संपात कामावर जायचे की बाहेर थांबायचे हा प्रश्न शेजाऱ्याला शेजाऱ्यासमोर उभा करतो. तरीही या भांडणांना गेट होते. गेटसभेत बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असे, तो कोणत्या शॉपमध्ये काम करतो हे सगळ्यांना माहीत असे, आणि ठरावीक काळाने संघटनेच्या निवडणुकीत पॅनेल पडून मते मोजली जात. हरलेला गट चडफडत का होईना, पण किती मतांनी हरला हे जाणून घरी जाई. राजकीय पक्षातल्या असंतुष्टाला हा आकडा कधीच मिळत नाही. आपल्यासारखे किती आहेत हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो स्वतःला एकटा तरी समजतो, नाहीतर अख्खा पक्ष आपल्याच बाजूला आहे असे तरी धरून चालतो.

यावर पहिला आक्षेप असा, की ही भांडणे खरी नसतातच. आयटी सेल मजकूर पुरवतात आणि कार्यकर्ते तो पुढे ढकलतात. मजकूर पुरवला जातो, यात शंका नाही. पण व्हॉट्सॲपने 2019 मध्ये एका वेळी पाच आणि 2020 मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांना एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, त्यानंतरही प्रभागातली भांडणे थांबली नाहीत, कारण त्यांचा दारूगोळा स्थानिक असतो. अमुक चौकातल्या फ्लेक्सवरून कुणाचा फोटो गाळला, हे लिहून द्यायला बाहेरचा कुणी लागत नाही. पक्षांनी शोधलेला उपायही तेच सांगतो: ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय लावणे. मजकूर बाहेरून येत असता तर आतल्या सदस्यांची तोंडे बंद करण्याची गरज पडली नसती. आपण कायद्याच्या कचाट्यात सापडू, ही ॲडमिनची भीती कधीकधी खरी असते; पण सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच स्पष्ट केले आहे. शांत झालेला ग्रुप म्हणजे शांत झालेला पक्ष नव्हे. तिथले वाद तीन छोट्या ग्रुपांत जातात आणि तिथे त्यांना उत्तर देणारेही कुणी नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पक्ष म्हणजे वादविवाद मंडळ नव्हे. घरचे भांडण चव्हाट्यावर आले की मतदार पळतो, म्हणून शिस्त हवी. चिंचवडची पोटनिवडणूक याचा दाखला म्हणून दिली जाते. फेब्रुवारी 2023 मध्ये भाजपच्या अश्विनी जगताप सुमारे 1 लाख 35 हजार मते घेऊन निवडून आल्या. राष्ट्रवादीचे नाना काटे 99 हजारांच्या वर गेले आणि मित्रपक्ष शिवसेनेच्या ठाकरे गटातून बंड केलेले राहुल कलाटे यांनी 44 हजार मते घेतली. दोघांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जास्त भरते. कलाटेंची सगळी मते काटेंना गेली असती असे नाही, त्यांत वाकड परिसरातली त्यांची स्वतःची मते होती. तरी बंडाची किंमत मोठी होती, हे मान्य. पण याच दिवशी मतदान झालेल्या पुण्याच्या कसब्याकडेही पाहा. तिथे टिळक घराण्याला उमेदवारी नाकारल्याची नाराजी भाजपच्या जुन्या समर्थकांत होती. तिथे बंडखोरी नव्हती, शिस्त पाळली गेली होती, आणि तरीही पक्षाने अनेक वर्षांचा बालेकिल्ला सुमारे 11 हजार मतांनी गमावला. पराभवाची कारणे अनेक असतील. पण शिस्तीने नाराजी झाकली गेली, मिटली नाही. नाराजी आधी मोजली असती तर दोन्ही ठिकाणी उमेदवार ठरवणाऱ्यांच्या हाती निदान माहिती तरी असती.

शिवीगाळीचे समर्थन मी करत नाही. कार्यकर्ती स्त्री असेल तर वाद तिच्या चारित्र्यापर्यंत नेणे, जुने फोटो उकरून नोकरीच्या ठिकाणी पाठवणे, हा मतभेद नाही, गुन्हेगारी वृत्ती आहे, आणि अशा वृत्तीला पक्षाने क्षणभरही आसरा देऊ नये. आपल्याकडे कडवे मतभेद पूर्वीही झाले. टिळक आणि आगरकर एकाच ‘केसरी’त होते, मतभेद टोकाला गेल्यावर आगरकरांनी तो सोडला आणि 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यांची भाषाही बोचरी होती. मात्र मुद्दा छापलेला होता, खाली जबाबदारी घेणारे नाव होते आणि वाचणारा दोन्ही बाजू शेजारी ठेवू शकत होता.

2026 च्या महापालिका निवडणुकीत दोन्ही राष्ट्रवादी पिंपरी-चिंचवडमध्ये एकत्र लढल्या, आणि बहुमत पुन्हा भाजपला मिळाले. अडीच वर्षे ज्यांनी एकमेकांना गद्दार ठरवले ते एका पॅनेलमध्ये आले. हा निर्णयही वरच झाला. तोही कार्यकर्त्यांनी बातम्यांतूनच ऐकला. उमेदवारी तर सगळ्याच पक्षांत एबी फॉर्म नावाच्या कागदावर ठरते, जो अर्ज भरण्याच्या शेवटच्या तासांपर्यंत कुणाच्या हातात पडेल हे इच्छुकांनाही कळत नाही. एबी फॉर्म देण्याआधी प्रभागातल्या नोंदणीकृत सदस्यांचे गुप्त मतदान घेणे हा साधा उपाय आहे, आणि त्याला लगेच उत्तर मिळते की पैसेवाले बोगस सदस्य भरतील. मिस्ड कॉलवर सदस्य होता येते अशा काळात ही भीती रास्त आहे. सहकारी संस्थांना आणि कामगार संघटनांना हाच प्रश्न पडतो. तिथे मतदानापूर्वी यादी लावतात, हरकती घेतात, ठरावीक काळ सदस्य असलेल्यालाच मत देतात. 32 प्रभागांच्या 32 याद्या प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात भिंतीवर लागाव्यात, सहा महिने आधी, आणि ज्याने 2012 मध्ये एकट्याने बूथ सांभाळला त्याला तिथे जाऊन आपले नाव बोटाने शोधता यावे.